आंबील प्यालेला लॅपटॉप

बीदरच्या बसस्टँडवर खटकचिंचोळीची गाडी लागली, तेव्हा धनलक्ष्मी सगळ्यांच्या पुढं होती. पण पायरीपाशी अशी काही रेटारेटी झाली की ती आत शिरली ती सगळ्यांच्या शेवटी. बघते तर काय, एकच जागा रिकामी. रिकामी तरी कसली! खिडकीपाशी एक पोरगा मांडीवर खोकं घेऊन बसलेला, आणि त्याच्या शेजारच्या सीटवर दुसरं खोकं अगदी पाहुण्यासारखं ऐसपैस बसलेलं.

"उचला की हे," ती म्हणाली.

"त्याचं तिकीट काढलंय," पोरगा म्हणाला.

"तिकीट तर माझ्याकडं बी हाय."

"तुमचं शून्याचं."

"शून्याचं असलं म्हणून काय झालं? सरकारनं बायांना फुकट बसून जायला दिलंय, लोंबकळून न्हाई!"

मागच्या सीटवरची म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. पोरगा कानापर्यंत लाल झाला. त्यानं खोकं उचललं खरं, पण आता मांडी एक आणि खोकी दोन! वरचं खोकं हनुवटीनं दाबून धरायला लागला बिचारा.

"द्या एक इकडं," धनलक्ष्मी बसत म्हणाली.

"पण… जपून हं. मॉनिटर हाय आत."

"लेकरू समजून धरते, मग तर झालं?"

झालं की! गाडी सुटली आणि कुणाचा कोण मॉनिटर मांडीवर घेऊन धनलक्ष्मी भालकीच्या रस्त्याला लागली. खड्डा आला की दोघांचे हात एकदमच खोक्यावर जायचे, आणि एकदमच मागं यायचे.

"लेकरू कुणाचं म्हणायचं हे?" तिनं विचारलं.

"अक्काचं. भालकीला ऱ्हाते, पोरांच्या शिकवण्या घेते. तिला डेस्कटॉप जोडून दिलाय मी." त्याचं नाव योगीराज. राहणार बीदरमध्येच, मैलूरला. डाळमिलवाल्यांना वजनाचे, साठ्याचे प्रोग्राम लिहून देणं हा त्याचा धंदा, आणि सुटे भाग आणून डेस्कटॉप जोडणं हा नाद.

आता याला योगायोग म्हणा नाहीतर काय म्हणायचं ते म्हणा. धनलक्ष्मी त्या दिवशी बीदरची सगळी कॉम्प्युटरची दुकानं पालथी घालूनच परत निघाली होती. दर दुकानदार दुकानातल्या सगळ्यात महाग वस्तूकडं बोट दाखवायचा. तिचं डोकं पार उठलं होतं.

"मग तुम्हालाच विचारते… प्रोग्रामिंगला लॅपटॉप बरा का डेस्कटॉप?"

योगीराजनं अशी मान वळवली की जणू कुणी त्याच्या घरच्यांची खुशाली विचारली. "डेस्कटॉप! इचारायलाव काय! स्क्रीन मोठी, मान अवघडत न्हाई. एक भाग बिघडला तर तेवढाच बदलायचा. त्याच पैशात दुप्पट दमाचं मशीन येतंय. कीबोर्डवर चहा सांडला तर कीबोर्ड फेकायचा, दुसरा लावायचा. लॅपटॉपवर सांडला तर? बसायचं रडत!"

"आणि लाईट गेली तर?"

"…यूपीएस लावायचा."

"आमच्या गावात दुपारची लाईट जाती ती दिवेलागणीला येती. तवर तुमचा डेस्कटॉप काय करणार? भजन?"

म्हातारी पुन्हा हसली. या खेपेला योगीराजही हसला. हसताना त्याचे डोळे बारीक व्हायचे, आणि ते धनलक्ष्मीला आवडलं. आवडलं ते आवडलं, खोटं कशाला बोला!

पण तिला मशीन हवं होतं ते काही हौसेनं नाही. बी.सी.ए. होऊन ती घरी बसली होती. हैदराबादच्या एका कंपनीत घरून करायचं काम होतं, तीन-चार महिने सराव करून परीक्षा आणि मुलाखत दिली तर मिळण्यासारखं. तिचे अप्पा, इरप्पा, त्या वर्षी विहिरीवर नवी मोटर बसवणार होते. जुनी मोटर सुरू व्हायला रोज मिनतवाऱ्या करून घ्यायची. अप्पांनी एका सकाळी चहा पिता पिता नुसतं म्हटलं होतं, "अजून एक साल जुन्याच मोटरीवर काढू. तू तुझं मशीन घे." एवढंच बोलून ते रानात निघून गेले होते. म्हणजे यायचं ते एकच मशीन येणार होतं. ते चुकून चालणारच नव्हतं, आणि नोकरी हुकूनही.

हे सगळं तिनं योगीराजला का सांगितलं, देव जाणे. भालकी आली. त्यानं मॉनिटर घेतला आणि उतरता उतरता नंबर दिला. "काही बी घ्या, पण घेतल्यावर सांगा. कामून म्हणाल तर… उगंच. मनाला घोर ऱ्हाईल."

तिनं लॅपटॉपच घेतला. आणि भीत भीत त्याला कळवलं, "लॅपटॉप घेतला. रागावलाव का?"

उत्तर आलं, "त्याच्यावर कशाला रागवू? त्याचा काय दोष!"

मग जे सुरू झालं, ते सुरूच राहिलं. लॅपटॉप उंचावर ठेवा, मान वाकवू नका, असं त्यानं सांगितलं, तर धनलक्ष्मीनं धान्य मापायची पायली पालथी घालून तिच्यावर लॅपटॉप मांडला आणि फोटो पाठवला. "असलं हाय का तुमच्या बीदरच्या दुकानात?" संध्याकाळी फोन व्हायचा. तिचा प्रोग्राम अडला की तो कधी पटकन उत्तर सांगायचा नाही. "तुम्हाला काय वाटायलंय, कुठं घोळ झालाय?" असं विचारून गप्प बसायचा, आणि त्या गप्प बसण्यात तिलाच घोळ सापडायचा. मग दोघंही हसायचे. तिच्याकडच्या कोंबड्या त्याला ऐकू जायच्या, त्याच्याकडच्या कुकरच्या शिट्ट्या तिला. घरी तो आणि त्याचे अप्पा दोघंच, स्वयंपाक याच्याकडंच असतो, हे तिला त्या शिट्ट्यांमुळंच कळलं.

"डाळ करपली वाटतं?"

"तुमच्यामुळं."

"माझ्यामुळं?"

"मग काय तर… दोन्हीकडं ध्यान कसं ऱ्हाईल?"

असं काही बोलून झालं तरी फोन मात्र कुणी ठेवायचं नाही.

परीक्षा ती पास झाली. राहिली शेवटची मुलाखत. व्हिडिओवर, समोरच्यांच्या डोळ्यांदेखत प्रोग्राम लिहून दाखवायचा. आणि त्या हैदराबादवाल्यांनी दिवस धरला तो नेमका येळवशीचा, वेळ अमावास्येचा!

आता येळवशीला आपल्याकडं घरात कोण राहतंय? सगळं गाव कुलपं लावून रानात. कडब्याची झोपडी, म्हणजे कोप, उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, शेंगभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि मडकंभर आंबील घेऊन काळ्या आईचे उपकार मानायचे. धनलक्ष्मीच्या डोळ्यांत पाणी आलं. अप्पा म्हणाले, "रडायलीस कामून? मशीन तुझं उचलून नेता येतंय म्हणूनच घेतलंस ना? आण रानात. आपल्या टेकाडावर रेंज गावापरीस भारी हाय. कोपीत बस अन् दे उत्तरं."

तिनं हे फोनवर योगीराजला सांगितलं. मग जरा थांबून म्हणाली, "येळवशीला कुणी बोलावलं तर न्हाई म्हणायचं नसतंय… ठाऊक हाय ना?"

"बोलवायलाय कोण?"

"…अप्पा."

"अप्पांनाच म्हणावं मग, येतो."

"मी बी बोलवायलेय की!" ती एकदम बोलून गेली, आणि फोन ठेवूनच दिला.

येळवशीच्या सकाळी हवेत बोचरी थंडी होती. ज्वारी डोक्याएवढी उभी, कणसात नुकता चीक भरायला लागलेला. बांधावरच्या चिंचेला अप्पांनी झोका बांधला होता. धनलक्ष्मीनं नवा हिरवा ड्रेस घातला होता. मुलाखतीसाठी हो! आणि तरी तिचे डोळे गाडीवाटेकडंच लागलेले. योगीराज आला तो बाईकवरून, पाठीला पिशवी, केसांवर धूळ. बसमधल्या त्या दिवसानंतर दोघं आज पहिल्यांदाच समोरासमोर येत होते. इतके महिने रोज बोललेली माणसं, आणि आता पाहुण्यासारखी बोलायला लागली.

"आलाव…?"

"व्हय… बोलावलं म्हणून."

"अप्पांनी," ती म्हणाली.

"व्हय, अप्पांनीच," तो म्हणाला, आणि डोळे बारीक झाले.

कोपीत एक टोपली पालथी घालून, वर आजोबांची घोंगडी अंथरून तिनं लॅपटॉप मांडला. मुलाखतीला अजून थोडा अवकाश होता. पूजा झाली होती, आणि तिची आई, बाणूबाई, आंबिलीचं भांडं घेऊन रान शिंपडायला निघाली होती. बाणूबाईचा एक नेम होता. ज्यानं ज्यानं म्हणून वर्षभर घराला पोसलं, त्या प्रत्येकाला येळवशीची आंबील मिळालीच पाहिजे. ज्वारीला दिली, तुरीला दिली, बैलांच्या शिंगांवर शिंपडली. विहिरीवरच्या म्हाताऱ्या मोटरीवर हात फिरवून तिलाही दिली. आणि येता येता ती कोपीत वाकली.

"अन् ही आमची नवी मोटर," असं म्हणत, डोळे मिटून, तिनं ओंजळभर आंबील सरळ लॅपटॉपवर सोडली.

ताक, ज्वारीचं पीठ, लसूण, मीठ… सगळं बटणांच्या फटींत! धनलक्ष्मीच्या तोंडून किंकाळी निघणारच होती. बाणूबाईचे हात अजून जोडलेले, ओठ पुटपुटत होते, "माझ्या पोरीला यश दे गं माय." ती डोळे उघडणार, समोर बघणार, आणि आपण काय करून बसलो हे तिला कळणार. ते एकदा कळलं असतं, तर ती माउली जन्मभर स्वतःला बोल लावत बसली असती.

"अवो मावशी!" कोपीच्या तोंडाशी योगीराज उभा होता. अगदी रुसल्यासारखा चेहरा करून. "सगळ्यांना आंबील दिलीव, मग माझ्या गाडीनं काय पाप केलंय? ती बी राबतीय की बिचारी!"

बाणूबाईनं डोळे उघडले ते त्याच्याकडंच बघत. "अगं बया! इसरलेच की! चल बाबा, कुठं लावलीस गाडी?"

तो तिला घेऊन निघाला. आणि जाता जाता, न बघता, पाठीमागं हात नेऊन त्यानं तळवा पालथा केला. पालथा. पुन्हा एकदा, पालथा!

धनलक्ष्मीला उमगलं. तिनं झटकन लॅपटॉप बंद केला आणि घोंगडीवर पालथा घातला. पांढरे ओघळ घोंगडीत जिरायला लागले. बांधावरून आईचा आनंदानं भरलेला आवाज येत होता, "हँडलला बी देऊ का रे?" आणि तो म्हणत होता, "द्या की! दोन्ही चाकांना बी द्या, मावशी, काय कसर ठेवू नका!"

तो धावत परतला, तेव्हा त्याच्या शर्टावरही आंबिलीचे शिंतोडे होते. तसाच खाली बसला. लॅपटॉप पुसला, उन्हात धरला, झटकला, पुन्हा पुसला. चालू केला तर स्क्रीन उजळली! पण एक अक्षर आपलं आपणच पडद्यावर पळत सुटलं, थांबेचना.

"कीबोर्ड गेला," तो हळूच म्हणाला. "बाकी जिवंत हाय."

धनलक्ष्मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. आता तो म्हणणार. बसमध्येच सांगितलं होतं की नाही, सांडलं तर बसायचं रडत म्हणून! हे वाक्य येणारच, आणि ते आलं की आपल्याला खरंच रडू फुटणार, हे तिला ठाऊक होतं.

त्यानं किल्ल्यांच्या जुडग्यातला बारका स्क्रू-ड्रायव्हर काढला. लॅपटॉपची पाठ उघडून आतली कीबोर्डची पट्टी सोडवली. पळणारं अक्षर थांबलं. मग त्यानं आपली पिशवी ओढली आणि आतून एक नवाकोरा कीबोर्ड बाहेर काढला, डेस्कटॉपला लावतात तसला लांबलचक.

"येळवशीला रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणून आणला होता," तो मान खाली घालून वायर लावत म्हणाला. "लॅपटॉपला बी चालतोय हा… बसा आता. तुम्हाला काय वाटायलंय, कुठं घोळ हाय, एवढं स्वतःला इचारत ऱ्हावा. बाकी सगळं येतंय तुम्हाला."

बस्स, एवढंच. दुसरं काही नाही.

मुलाखत सुरू झाली. समोरच्या बाईंनी विचारलं, मागं हे गवताचं काय आहे? धनलक्ष्मीनं सांगितलं, आज आमच्याकडं रानाचे आभार मानायचा दिवस आहे. बाई हसल्या, आणि मग गणित घातलं ते काही हसण्यासारखं नव्हतं. धनलक्ष्मीचा प्रोग्राम एकदा अडला. तिनं मान वर केली. कोपीच्या फटीतून बाहेरचं दिसत होतं. बाणूबाई पुन्हा पुन्हा आत यायला बघत होती, पोरीनं काही खाल्लं नाही म्हणून, आणि योगीराज वाटेतच फतकल मारून बसला होता.

"मावशी, अजून एक भांडं द्या की आंबील!"

"अरे, किती पिशील? पोट हाय का हौद?"

"तुमच्या हाताला चवच तसली, मी काय करू!"

बिचाऱ्यानं किती भांडी रिचवली, ते त्यालाच ठाऊक. आई काही कोपीत आली नाही. धनलक्ष्मीला हसू आलं, आणि घोळ कुठं आहे तो दिसला.

जेवणं झाल्यावर अप्पा बैलांकडं गेले, बाणूबाई शेजारच्या रानात भज्जी द्यायला गेली. धनलक्ष्मी चिंचेखाली झोक्यावर बसली. योगीराज खोडाला टेकून उभा होता, पोटावर हात ठेवून.

"दुखायलंय का?"

"न्हाई… जरा गार वाटायलंय."

ती हसली. मग पायानं माती उकरत म्हणाली, "तुम्ही म्हणला न्हाईत."

"काय?"

"'बघा, मी सांगितलं होतं' म्हणून."

त्यानं कोपीकडं बघितलं. वाऱ्यावर ज्वारीची पानं सळसळत होती. "इतके डेस्कटॉप जोडले मी," तो म्हणाला, "पण माझ्या मशीनवर असा हात कुणी फिरवला न्हाई, डोळे मिटून. आई असती तर… तिनं बी हेच केलं असतं. मला तर वाटलं, तुमचा लॅपटॉप लई नशीबवान हाय."

धनलक्ष्मीचे डोळे भरून आले. मशीन वाचवणारा माणूस कुठंही मिळाला असता. पण यानं आधी तिच्या आईला वाचवलं होतं, मग लॅपटॉपला. त्या क्षणी तिला तो इतका आवडला, इतका आवडला की तिला झोक्याची दोरी घट्ट धरावी लागली.

"उपकार झाले तुमचे," ती कशीबशी म्हणाली.

"उपकार कसले? बसमध्ये तुम्ही माझा मॉनिटर सांभाळलाव. फिटंफाट!" असं म्हणून त्यानं झोक्याला हलकेच हात लावला. लावला आणि तसाच ठेवला…

नोकरी मिळाली. घरचं तोंड गोड व्हायच्या आधी तिनं फोन केला तो मैलूरला. पहिल्या पगारात अप्पांच्या विहिरीवर नवी मोटर बसली. ती सुरू झाली तेव्हा अप्पा पाण्याच्या धारेकडं नुसते बघत राहिले, आणि मग तिच्या डोक्यावर ओला हात ठेवला.

त्यानंतर काही दिवसांनी, संध्याकाळच्या फोनवर, बाणूबाई शेजारीच गवारीच्या शेंगा मोडत बसलेली असताना धनलक्ष्मी म्हणाली, "आता डेस्कटॉप घ्यावा म्हणते."

"देवा! शेवटी पटलं तर!" योगीराज खूश झाला. "मी जोडून देतो. फक्त जागा नीट बघा हं. डेस्कटॉपचं कसं हाय, एकदा मांडला की सारखा हलवायचा नसतोय."

"तेच इचारायचं होतं… मग मांडायचा कुठं? हितं खटकचिंचोळीत?" तिनं श्वास घेतला. "का मैलूरलाच मांडू… कायमचा?"

पलीकडं सामसूम. डेस्कटॉप म्हटलं की तासभर थांबायचा नाही तो माणूस, आणि आज एक शब्द नाही! नुसती कुकरची शिट्टी ऐकू आली. एक. मग दुसरी.

"हॅलो? लाईट गेली का तुमच्याकडं?"

"न्हाई…" तो म्हणाला. "आली. आत्ताच आली… मैलूरला खिडकीपाशी जागा हाय, धनू. लई दिवसांपासून रिकामीच ठेवलीय."

"मग अप्पांना येऊन सांगा," ती पुटपुटली. कान तापले होते, बघायची सोय नव्हती कुणाकडं.

बाणूबाईनं शेंगांवरची नजर उचलली नाही. "इचार त्याला," ती शांतपणे म्हणाली, "त्या डेस्कटॉपला तरी आंबील सोसती का? का मला पुन्हा गाडीवरच शिंपडायला नेणार हाय?"

धनलक्ष्मी आ वासून आईकडं बघतच राहिली. "आई… तुला ठाऊक होतं?"

"घोंगडी कुणी धुतली मग? सगळी आंबीलच आंबील, अन् मधोमध तुझ्या मशीनचा आकार!" बाणूबाईचे डोळे ओले झाले होते, पण ती हसत होती. "घोंगडी बघितली, अन् त्याच दिवशी मनात म्हणलं, ह्या पोराला जावई करून घ्यायचा. माझी लाज राखायला पोट फुटस्तोवर आंबील पिला गं, लेकरू!"

फोन चालूच होता. पलीकडून योगीराजनं सगळं ऐकलं होतं.

"मावशींना म्हणावं," तो म्हणाला, "डेस्कटॉपचा कीबोर्ड वेगळा असतोय. मन भरस्तोवर शिंपडा. दर येळवशीला मी नवा आणतो."